उतारवय आणि आचारधर्म : लेखांक पाचवा – विण्याचा पहारा

गतसप्ताहाच्या लेखांकात वार्धक्यातील खिन्नतेची जी कारणे आपण पाहिली, त्यांत प्रमुख असे की, शेतीच्या व्यवहारातून, घरच्या कारभारातून आणि गावच्या मसलतीतून मनुष्य हळूहळू बेदखल होतो, आणि आपल्यावाचून कोणाचेच काही अडत नाही ही जाणीव त्याचे मन पोखरू लागते. या व्याधीवर आपल्या समाजाने पूर्वापार जी वहिवाट पाडली, तिचा विचार आज दारव्ह्याच्या मुलखात राहूनच करू.

अखंड हरिनाम सप्ताह बसला म्हणजे सात दिवस आणि सात रात्री वीणा खाली ठेवावयाची नसते. ही अट वरवर केवळ कर्मकांडाची भासते. परंतु तिच्यामुळे गावाला रात्री दोन वाजताही एक जागा मनुष्य लागतो, आणि ज्याची झोप वयोमानाने उडाली आहे, ज्याच्याने आता कापसाचे बोचके उचलवत नाही, असा वृद्ध नेमका त्या प्रहरी सर्वांच्या कामी येतो. पहाऱ्याच्या यादीत त्याचे नाव असते, आणि तो वेळेवर आला नाही तर आधीच्या माणसाची सुटका होत नसल्यामुळे त्याच्या घरी तत्काळ निरोप जातो. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे चालणाऱ्या काकड्याचीही तीच गोष्ट : नित्य येणारा आवाज एखाद्या दिवशी ऐकू आला नाही, तर उजाडताच चौकशी होते. ज्याची गैरहजेरी कोणाला तरी जाणवते, त्याला जगणे निरर्थक वाटत नाही; आणि या आचारांचे खरे सामर्थ्य मला येथेच दिसते.

हे सामर्थ्य कोणा एका पंथाचे नव्हे. वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारांतून बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते, तेव्हा शुभ्र पातळ नेसून बसणाऱ्या वृद्ध उपासिकांना त्या तीन महिन्यांत मिळणारी सोबत याच जातीची असते. याच तालुक्यातील धामणगाव देव येथे मुंगसाजी महाराजांच्या समाधीस येणारी म्हातारी मंडळी, किंवा पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेस तांड्यातून निघणारे वयोवृद्ध, यांनाही दर्शनाइतकीच ओढ समवयस्कांच्या भेटीची असते. तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेवर एवढा भर दिला, त्यामागे ही दृष्टी असावी, असे मला वाटते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याने 1897 मध्ये आत्महत्येवरील ग्रंथात असेच प्रतिपादिले की, मनुष्यास तारते ते धर्ममताच्या तपशिलापेक्षा त्या धर्माने बांधलेले सामूहिक जीवन होय.

तथापि जी वहिवाट जोडते, तीच तोडूही शकते. एक्याऐंशीच्या उंबरठ्यावर, सुमारे सहस्र पौर्णिमा पाहून झाल्यावर, सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होतो; दिव्यांनी ओवाळतात, नातवंडे पाया पडतात. परंतु जिचा पती निवर्तला आहे, अशा आजीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या हळदीकुंकवाची तयारी करून स्वतः मात्र माजघरात बसावे, ही रूढी मला क्रूर वाटते. पतीच्या मृत्यूने जिचे अर्धे जग आधीच ओस पडले, तिचे उरलेले अर्धे आपण सणावारी हिरावून घेतो. आणि ज्या यवतमाळ जिल्ह्याने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी इतकी घरे उद्ध्वस्त झालेली पाहिली, तेथे हा अन्याय अधिकच झोंबतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे त्याचा आदर्श ठेवला. असे ठराव दप्तरात पडून राहता कामा नयेत.

दुसरा धोका श्रद्धेच्या आतच असतो. केनेथ पार्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत रुग्णालयातील 55 वर्षांपुढील रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेऊन 2001 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. देवाने आपणास टाकले किंवा शिक्षा केली, अशा भावनेने जे ग्रासले होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. म्हणून आजारी वृद्धासमोर ‘मागल्या जन्माचे भोग’ हे शब्द उच्चारणे मला अधर्म वाटतो. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, मरणाचीच भाषा तोंडी आहे, अशी अवस्था दिसली, तर पारायणाच्या समाप्तीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. शासनाची 14416 ही टेलिमानस सेवा त्यासाठी विनामूल्य आहे, आणि वृद्धांच्या इतर अडचणींसाठी 14567 हा क्रमांक आहे.

दारव्हा तालुक्यातील पंचमंडळींस आणि भजनी मंडळांस माझी विनंती एवढीच की, यंदाच्या सप्ताहाची पहाऱ्याची यादी लिहिताना साठीपुढील प्रत्येकास, विधवा मायबहिणींसह, घरी जाऊन विचारावे, आणि ज्याला अंथरूण सोडवत नाही त्याच्याकडे काल्याचा प्रसाद कोणा मुलाच्या हाती न धाडता स्वतः घेऊन जाऊन घटकाभर बसावे.