रंग जिथे नको तिथे

भोसरी, अंबड, वाळूज; एमआयडीसी कुठलीही असो, पावडर कोटिंगच्या शेडमध्ये पाहुणा आला की मालक आधी बूथ दाखवतो, मग ओव्हन. पैसा या दोहोंत अडकलेला असतो, त्यामुळे अभिमानही तिथेच. मधल्या टेबलापाशी सहसा कोणी थांबत नाही. तिथे दोन-तीन बायका बसलेल्या असतात. पुढ्यात रबरी बुचांचे डबे, हिरव्या टेपचे रोल आणि कटर. फॉस्फेटिंग होऊन वाळलेला माल हातात घ्यायचा आणि पावडर जिथे बसता कामा नये ती प्रत्येक जागा झाकायची, हे त्यांचं काम. याला मास्किंग म्हणतात, आणि माल पास की नापास हे बऱ्याचदा इथेच ठरतं.

पावडरचा थर साधारण 60 ते 80 मायक्रॉनचा. ऐकायला किरकोळ, पण आट्यांवर हिशेब फिरतो. मेट्रिक आट्याचा कोन 60 अंशांचा. दोन्ही कडांवर थर चढला की पिच डायमीटर थराच्या चौपट बदलतो. म्हणजे 70 मायक्रॉनचा थर बसला तर फरक 280 मायक्रॉनचा, पाव मिलिमीटरहून जास्त. मग एम-8 चा बोल्ट सरळ जात नाही, आणि पान्याने रेटला तर कोटिंग सोलत जातो. बेअरिंगच्या बोअरची कथा आणखी नाजूक. 50 मिलिमीटरच्या बोअरला एच-7 ची पूर्ण टॉलरन्सच 25 मायक्रॉन आहे. इलेक्ट्रिकल पॅनेलवर अर्थिंगची जागा उघडी राहिली नाही तर प्रश्न मापाचा उरतच नाही, कारण हा थर विजेला अडवतो.

मास्किंग टेप जन्मली ती गाड्यांच्या रंगकामासाठी. 1925 मध्ये अमेरिकेतल्या थ्री-एम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी, दुरंगी गाड्या रंगवताना दोन रंगांची हद्द स्वच्छ यावी म्हणून ती तयार केली. त्या घराण्यातली कागदी टेप आजही ओल्या रंगाला चालते. पावडरला मात्र 180 ते 200 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये दहा-वीस मिनिटं भाजून निघायचं असतं. तिथे साधा कागद करपतो आणि त्याचा गोंद पत्र्याला चिकटून बसतो. म्हणून पॉलिएस्टर फिल्मवर सिलिकॉनचा गोंद लावलेली हिरवी टेप आली. त्याहून जास्त ताप असेल तर मधाच्या रंगाची पॉलिइमाइड टेप वापरतात. ती 260 अंशांपर्यंत टिकते, पण भाव ऐकून मालकाचाच ताप वाढतो.

टेप लावणं कुणीही शिकेल. खरी परीक्षा काढताना. भाग फार गरम असताना ओढली तर मऊ थर तिच्याबरोबर ताणला जातो. पार गार होऊ दिली तर थर कडेला तडकतो आणि रेघेऐवजी करवतीचे दात उमटतात. हाताला कोमट लागतं, ती वेळ साधायची. जाणती बाई लावतानाच टेपचं टोक दुमडून ठेवते, म्हणजे काढताना नखाला शोधाशोध नको.

भोकांना आणि स्टडना टेप पुरत नाही. तिथे सिलिकॉनचे प्लग आणि कॅप लागतात. हे बनवायचं काम वेगळ्याच कारखान्यात चालतं. कणकेसारखा सिलिकॉन रबराचा गोळा दोन रोलांच्या मिलवर पेरॉक्साइड आणि रंग घालून मळतात, वजन करून तुकडे पाडतात आणि प्रेसमध्ये साधारण 170 अंशांना काही मिनिटं दाबतात. साच्यातून निघाल्यावर रबर दोन-चार टक्के आकसतं, त्यामुळे डाय बनवणाऱ्याने तेवढी सूट आधीच धरलेली असावी लागते. मग कडेची झालर कापायची. आणि शेवटी, ज्यात सर्रास काटकसर होते ती पायरी: 200 अंशांना सुमारे चार तास पुन्हा भाजणं. त्यात रबरातले उडून जाणारे हलके सिलिकॉन निघून जातात. ही पायरी गाळली तर तेच सिलिकॉन कोटिंगवाल्याच्या ओव्हनमध्ये उडतं, आणि शेजारच्या मालावर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. दोष मात्र पावडरवाल्याच्या माथी जातो.

प्लग ठासून बसवायचा नसतो. आरपार नसलेल्या भोकात हवा कोंडते; 30 अंशांवरून 200 अंशांवर जाताना तिला दीडपटीहून जास्त जागा हवी असते, आणि प्लग बुचासारखा उडतो. म्हणून पोकळ प्लग बनवतात, तो आतून थोडा दबतो. उलट, निमुळता प्लग डोक्यापर्यंत दाबला तर भोकाभोवती कोऱ्या पत्र्याचं कडं राहतं आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरतो.

प्लगचे पैसे वाचवायला जुने बोल्ट भोकात फिरवून ठेवणारे अजूनही आहेत. थर बोल्टला आणि भागाला जोडून टाकतो, काढताना कड फुटते, आणि मग प्रत्येक भोकात टॅप मारत बसावं लागतं. वाचवलेला रुपया तिथे मजुरीत जातो. चांगला प्लग पुन्हा पुन्हा वापरता येतो. फक्त डोक्यावर साचलेली पावडर वेळच्या वेळी काढावी, नाहीतर तिचे कपचे नव्या मालावर पडतात.

एवढं सगळं करून जॉबवर्कचं बिल मात्र चौरस फुटावर किंवा नगावर निघतं. बारा भोकं बंद केलेल्या ब्रॅकेटला आणि एकही भोक नसलेल्या पत्र्याला एकच दर लावण्यात काहीच तर्क नाही. ड्रॉइंग काढणाऱ्यांनी रंग नको ती जागा रेघा मारून दाखवावी, आणि कोटिंगवाल्यांनी कोटेशनमध्ये मास्किंगची ओळ वेगळी लिहावी.