विश्लेषण : ‘सेटांटा स्पोर्ट्स’ वाहिनी का बुडाली? फुटबॉल प्रक्षेपण हक्कांच्या चढाओढीत अखेर तोटा कोणाचा?

ब्रिटनमध्ये इंग्लिश प्रीमियर लीगच्या प्रक्षेपणातील एका कंपनीची मक्तेदारी मोडण्यासाठी नियम बदलले गेले आणि ‘सेटांटा स्पोर्ट्स’ या आयरिश सशुल्क वाहिनीला संधी मिळाली. मात्र हक्क मिळाल्यानंतर अवघ्या दोन हंगामांत, २३ जून २००९ रोजी, ब्रिटनमधील सेटांटाचे प्रक्षेपण बंद पडले. त्याची झळ स्कॉटलंडमधील क्लबांपासून इंग्लंडमधील पाचव्या श्रेणीच्या संघांपर्यंत पोहोचली. खेळाच्या प्रक्षेपणाचे हे गणित नेमके कुठे चुकते?

सेटांटाची सुरुवात कशी झाली?

२१ जून १९९०. इटलीतील विश्वचषकात आयर्लंड आणि नेदरलँड्स यांची लढत पालेर्मो येथे होती. त्याच वेळी त्याच गटातील इंग्लंड-इजिप्त सामनाही सुरू होता. ब्रिटनमधील दूरचित्रवाणीने साहजिकच इंग्लंडचा सामना दाखवला. लंडनमध्ये मोठ्या संख्येने राहणाऱ्या आयरिश लोकांची त्यामुळे पंचाईत झाली. मायकेल ओरूर्क आणि लिओनार्ड रायन या दोन आयरिश तरुणांनी पश्चिम लंडनच्या ईलिंग भागात एक नृत्यगृह भाड्याने घेतले आणि तिकीट लावून आयर्लंडचा सामना दाखवला. गर्दी लोटली. सामना १-१ असा बरोबरीत सुटला, पण दोघांना धंद्याची वाट सापडली.

मायदेशापासून दूर राहणारा माणूस आपल्या खेळासाठी पैसे मोजायला तयार असतो, हे त्यांनी ओळखले होते. त्यामुळे सुरुवातीला हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल या आयरिश खेळांचे सामने परदेशातील पबमध्ये दाखवण्यावर त्यांचा भर राहिला. कंपनीचे नावही आयरिश पुराणकथांतून आले. कू हुलिन या वीराचे बालपणीचे नाव सेटांटा. पुढे २००४ मध्ये सेल्टिक आणि रेंजर्स हे क्लब खेळत असलेल्या स्कॉटिश प्रीमियर लीगचे हक्क सेटांटाने मिळवले. कंपनीने अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही वाहिन्या सुरू केल्या.

प्रीमियर लीगचे दार कसे उघडले?

१९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून तिच्या सामन्यांच्या थेट प्रक्षेपणाचे हक्क ‘स्काय’कडेच होते. सगळे सामने एकाच खरेदीदाराला देण्याच्या पद्धतीवर युरोपीय आयोगाने आक्षेप घेतला. बऱ्याच वाटाघाटींनंतर तोडगा निघाला. सामन्यांचे सहा संच करायचे आणि ते सर्व एकाच कंपनीला विकायचे नाहीत.

मे २००६ मधील लिलावात स्कायने चार संच, म्हणजे दर हंगामातील ९२ सामने घेतले. उरलेले दोन संच, म्हणजे ४६ सामने सेटांटाने ३९.२ कोटी पौंडांना घेतले. हा करार २००७ ते २०१० अशा तीन हंगामांसाठी होता. दोन्ही कंपन्यांनी मिळून मोजलेली रक्कम सुमारे १ अब्ज ७० कोटी पौंड होती. मक्तेदारी कागदोपत्री संपली. प्रेक्षकाच्या दृष्टीने मात्र फरक उलटाच पडला. आधी थेट सामन्यांसाठी स्कायची वर्गणी लागत होती. आता त्याच्या जोडीला सेटांटाचीही भरावी लागणार होती.

गणित कुठे चुकले?

सेटांटाची वर्गणी दरमहा ९.९९ पौंड होती. वाहिनी बंद पडली तेव्हा तिचे सुमारे १२ लाख ग्राहक होते, तर ना नफा ना तोटा या पातळीवर येण्यासाठी सुमारे १९ लाख ग्राहक लागणार होते, असे तेव्हाच्या वृत्तांत म्हटले गेले. साधा हिशेब मांडला तरी अडचण लक्षात येते. बारा लाख ग्राहकांनी वर्षभर एकही महिना न चुकवता पूर्ण दर भरला, तर जमा होतात साधारण १४.४ कोटी पौंड. त्यातून तेव्हाचा १५ टक्के मूल्यवर्धित कर वजा केला की उरतात सुमारे १२.५ कोटी. एकट्या प्रीमियर लीगचा खर्च वर्षाला सरासरी १३ कोटी पौंड होता. पब आणि केबल कंपन्यांकडून येणारा पैसा वेगळा, पण त्यातूनच वेतन, निर्मितीखर्च आणि इतर स्पर्धांचे हक्क भागवायचे होते.

आणि इतर स्पर्धा थोड्या नव्हत्या. एफए कप आणि इंग्लंडचे मायदेशातील सामने यांच्यासाठी सेटांटा आणि ‘आयटीव्ही’ने मिळून चार वर्षांचा ४२.५ कोटी पौंडांचा करार केला. अमेरिकेतील पीजीए टूर गोल्फ होते. क्रिकेटमधील इंडियन प्रीमियर लीगचे २००८ आणि २००९ हे पहिले दोन हंगामही ब्रिटनमध्ये सेटांटावरच दिसले. मुंबई इंडियन्सचा सामना पाहू इच्छिणाऱ्या लंडनमधील मराठी कुटुंबालाही तेव्हा हीच वर्गणी भरावी लागे.

हक्कांचे हप्ते ठरलेल्या तारखेला द्यावेच लागतात. वर्गणी मात्र ग्राहकाच्या मर्जीवर असते. मे महिन्यात हंगाम संपला की फुटबॉलपुरती वाहिनी घेणाऱ्याला ती चालू ठेवण्याचे कारण उरत नाही. त्यात २००८ चे आर्थिक संकट आले आणि कर्ज किंवा नवे भांडवल मिळणे अवघड झाले.

अखेरचा घाव कोणता?

फेब्रुवारी २००९ मध्ये प्रीमियर लीगच्या पुढील तीन हंगामांसाठी लिलाव झाला. स्कायने सहापैकी पाच संच पटकावले. सेटांटाला एकच, म्हणजे हंगामाला २३ सामन्यांचा संच मिळाला. निम्मे सामने गेल्यावर तेवढ्याच वर्गणीत ग्राहक टिकवणे कठीण होते. गुंतवणूकदारांनाही हे दिसत होते.

त्यानंतर गोष्टी झपाट्याने घडल्या. स्कॉटिश प्रीमियर लीगचा सुमारे ३० लाख पौंडांचा हप्ता थकला. जूनमध्ये इंग्लिश प्रीमियर लीगला द्यायचे एक कोटी पौंड देता आले नाहीत. नवा गुंतवणूकदार आणण्याचा प्रयत्न फसला. मुदत उलटताच प्रीमियर लीगने करार रद्द केला आणि २२ जूनला ते सामने ‘ईएसपीएन’ला विकले. दुसऱ्या दिवशी सेटांटाचा ब्रिटनमधील व्यवसाय प्रशासकांच्या ताब्यात गेला आणि दोनशेहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या.

फटका कोणाला बसला?

इंग्लिश प्रीमियर लीगला चार दिवसांत नवा ग्राहक मिळाला. ज्यांच्या मालाला दुसरा गिऱ्हाईक नव्हता, त्यांचे हाल झाले. स्कॉटिश लीगने सेटांटाशी २०१० पासूनच्या चार हंगामांसाठी १२.५ कोटी पौंडांचा, म्हणजे वर्षाला तीन कोटींहून अधिक रकमेचा करार केला होता. तो बुडाल्यावर स्काय आणि ईएसपीएनकडून वर्षाला सुमारे १.३ कोटींवर समाधान मानावे लागले. पूर्वीच्या आकड्यावर विसंबून खेळाडूंशी करार केलेल्या लहान क्लबांना खर्च आवरावा लागला. इंग्लंडमधील पाचव्या श्रेणीच्या कॉन्फरन्स लीगचे सामनेही सेटांटा दाखवत असे. तिथल्या क्लबांसाठी थोडी रक्कमही मोठी होती.

प्रेक्षकही सुटला नाही. ऑक्टोबर २००९ मधील युक्रेन-इंग्लंड विश्वचषक पात्रता सामन्याचे हक्क सेटांटाकडे होते. वाहिनी बंद पडल्यावर तो ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर थेट दाखवला गेलाच नाही. घरी बसून तो पाहायचा तर पैसे भरून इंटरनेटवर पाहावा लागला.

मग पुढच्यांनी काय वेगळे केले?

दुसऱ्या क्रमांकाची जागा रिकामी राहिली नाही. तिथे ईएसपीएन आले आणि २०१३ मध्ये ‘बीटी स्पोर्ट’ आले. तीच वाहिनी २०२३ पासून ‘टीएनटी स्पोर्ट्स’ या नावाने चालते. पण बीटी ही मुळात दूरध्वनी कंपनी. तिने ब्रॉडबँड ग्राहकांना सुरुवातीला फुटबॉल मोफत दिले, कारण इंटरनेटचा ग्राहक टिकवणे हा तिचा हेतू होता. २०१९ मध्ये हंगामातील २० सामने घेऊन उतरलेल्या ॲमेझॉनला ‘प्राइम’चे सदस्य हवे होते. स्कायकडेही स्वतःची उपग्रह सेवा होती. सेटांटाकडे फुटबॉल आणि इतर खेळांपलीकडे विकण्यासारखे काही नव्हते. स्पर्धेमुळे हक्कांची किंमत मात्र भडकली. २०१३ ते २०१६ या तीन हंगामांसाठी ती तीन अब्ज पौंडांच्या पुढे, तर त्यानंतरच्या तीन हंगामांसाठी पाच अब्जांच्या पुढे गेली.

भारतात काय स्थिती?

इथले चित्र वेगळे असले तरी दुखणे ओळखीचे आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा व्यावसायिक हक्कांचा २०१० मधील १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. त्याआधी नोव्हेंबरमध्ये नव्या भागीदारासाठीच्या निविदेला एकही बोली आली नाही. एरवी सप्टेंबरच्या आसपास सुरू होणारी इंडियन सुपर लीग वर्ष संपले तरी सुरू होऊ शकली नाही. एफसी गोवा, मुंबई सिटी यांसारख्या क्लबांना सामने कधी होणार हे ठाऊक नसताना खेळाडूंचे करार सांभाळावे लागले. ब्रिटनमध्ये एक खरेदीदार बुडताच दुसरा उभा होता, तरीही स्कॉटिश क्लबांचे उत्पन्न निम्म्याहून खाली आले. भारतीय फुटबॉलसाठी तर दारात दुसरा कोणीच नव्हता.