ओझोनने काय जाते आणि काय राहते?

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर म्हणून देशभर प्रसिद्ध आहे. मागांच्या जोडीने सुताला खळ देणारे सायझिंगचे कारखाने व कापड रंगवणारे कारखानेही तेथे उभे राहिले. ह्या सर्वांना पाणी लागते, आणि वापरून झालेले पाणी ओढ्यानाल्यांवाटे अखेर नदीकडेच वळते. नदीनाक्यावरून वाहणारी कामवारी नदी पुढे खाडीस मिळते. तिच्या पाण्याविषयीची तक्रार जुनी आहे. पावसाळ्यात नदी दुथडी वाहते, तेव्हा घाण धुऊन जाते व भाताला पावसाचेच पाणी मिळते. परंतु मार्गशीर्षापासून पुढे प्रवाह रोडावला म्हणजे पात्रात नदीचे पाणी थोडे व सांडपाणी फार अशी स्थिती होते. नेमक्या त्याच काळात काठच्या शेतकऱ्यास वाल, भेंडी, काकडी ह्यांसारख्या पिकांसाठी पंप लावावयाचा असतो.

अलीकडे पाणी व हवा शुद्ध करण्याचे साधन म्हणून ओझोनचे नाव सर्वत्र ऐकू येते. कापड-उद्योगात सांडपाण्याचा रंग घालविण्यासाठी त्याचा उपयोग होऊ लागला आहे. घरगुती ओझोन-यंत्रांच्या जाहिरातीही खेडोपाडी पोहोचल्या आहेत. ओझोन गुणकारी आहे ह्यात संशय नाही. परंतु त्याने काय जाते व काय राहते हे नीट समजून न घेतल्यास शेतकऱ्याची फसगत होण्याचा संभव आहे.

ओझोन म्हणजे काय

आपण श्वासावाटे घेतो त्या प्राणवायूच्या कणात दोन अणू असतात. ओझोनच्या कणात तीन. हा तिसरा अणू सैल बांधलेला असतो व संधी मिळताच सुटून दुसऱ्या पदार्थाला जाऊन भिडतो. ओझोनची सारी शक्ती ह्या सैल अणूत आहे. बाझेल येथील शास्त्रज्ञ शोनबाइन ह्यांनी १८४० च्या सुमारास हा वायू ओळखला व त्याच्या उग्र वासावरून त्याचे नाव ठेवले. वीज कडाडल्यावर किंवा वेल्डिंगच्या जागी जो विशिष्ट वास येतो तो बव्हंशी ह्याचाच. कारखान्यात तो ह्याच रीतीने, म्हणजे कोरड्या हवेतून किंवा शुद्ध प्राणवायूतून उच्च दाबाची वीज सोडून तयार करतात. प्राणवायूपासून एक किलो ओझोन करण्यास साधारणपणे १० युनिट वीज लागते. हवेपासून करावयाचा तर त्याहून बरीच अधिक.

तो बाटलीत भरून ठेवता येत नाही. साध्या पाण्यात सोडलेला ओझोन अर्ध्या तासाच्या आतबाहेर निम्म्याहून अधिक विरून पुन्हा प्राणवायू होतो. म्हणून जेथे वापरावयाचा तेथेच तो तयार करावा लागतो. हा त्याचा गुणही आहे व उणीवही. गुण असा की पाण्यात त्याची चव वा वास मागे राहत नाही. उणीव पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत दिसून येते.

पिण्याचे पाणी

फ्रान्समधील नीस शहरात १९०६ पासून पिण्याच्या पाण्यास ओझोन देण्यात येऊ लागला व पुढे युरोपातील अनेक शहरांनी ही पद्धत स्वीकारली. रोगजंतू व विषाणू तो क्लोरीनपेक्षा लवकर मारतो. पाण्यातील लोह व मँगेनीज गाळून काढता येईल अशा स्थितीत आणतो. मात्र यंत्रातून बाहेर पडलेले पाणी पुढे फुटक्या नळातून, उघड्या टाकीतून, न धुतलेल्या हंड्यातून गेले तर त्याचे रक्षण करणारे त्यात काहीच उरलेले नसते. जांभळ्या किरणांच्या दिव्याची, म्हणजे यू.व्ही. यंत्राची गोष्ट अशीच. शिवाय पाणी गढूळ असेल तर ते किरण जंतूंपर्यंत पोचतच नाहीत. बंद जारमधील पाणीदेखील जार उघडून त्यात पेला बुडविला की साध्या पाण्यासारखेच होते.

क्लोरीनचे तसे नाही. तो थोडा मागे उरतो व वाटेत शिरलेल्या जंतूंशी झुंजतो. मुंबई शहराचे पाणी भातसा नदीवरील पिसे येथून उचलून पांजरापूर येथे शुद्ध केले जाते. ही दोन्ही ठिकाणे भिवंडी तालुक्यातीलच आहेत. मुंबईकडे जाणाऱ्या पाण्याला क्लोरीनची मात्रा देण्याची सोय येवई येथे आहे. एवढ्या मोठ्या शहराचीही भिस्त अखेर क्लोरीनवर असते, कारण पाण्याला मैलोगणती नळांतून जावयाचे असते. मग ज्या गावची नळयोजना दिवसातून तास-दोन तास चालते, त्या गावाने ओझोन-यंत्र घेऊन टी.सी.एल. भुकटी बंद करणे हितावह नव्हे.

टी.सी.एल.चा हिशेब ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास तोंडपाठ असावा. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याला त्यानेच गुणावे, त्यास पाण्याच्या खोलीने व नंतर ७८५ ने गुणावे. येईल ते लिटर. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते सुमारे ३७,७०० लिटर भरते. हजार लिटरला ५ ग्रॅम ह्या रूढ प्रमाणाने त्यास १९० ग्रॅम भुकटी पुरते. ती बादलीत कालवावी, चुना तळाशी बसू द्यावा व वरचे निवळ पाणीच विहिरीत सोडावे. अर्ध्या तासाने पाणी वापरास घ्यावे. शेवटच्या घराच्या नळाला ओ.टी. द्रावणाने पिवळा रंग येतो की नाही हे पाहावे. तेथे लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असला पाहिजे. भुकटी दमट जागी उघडी ठेवली तर तिच्यातील क्लोरीन उडून जातो व केवळ चुना हाती राहतो. ग्रामपंचायतीच्या कपाटातील पोते मागील वर्षीचे असल्यास ही शंका आधी घ्यावी.

हवेसंबंधी दोन शब्द

आकाशात फार उंचावर ओझोनचा थर आहे व तो सूर्याच्या घातक किरणांपासून आपले रक्षण करतो, हे शाळेतील मुलेही जाणतात. त्यावरून तो श्वासालाही चांगला असा समज करून घेऊ नये. जमिनीलगतचा ओझोन फुप्फुसांना इजा करतो. म्हणूनच २००९ मध्ये ठरविलेल्या राष्ट्रीय मानकांनुसार आठ तासांच्या सरासरीने हवेत घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक ओझोन असू नये. मोटारी व ट्रक ह्यांच्या धुरावर कडक ऊन पडले म्हणजे तो आपोआप तयार होतो. भिवंडीभोवती गोदामे वाढली व ट्रकांची ये-जाही वाढली, हे तेथील रहिवाशांस सांगावयास नको. अशा ओझोनने पिकांच्या पानांवर बारीक ठिपके पडून पाने लवकर पिकतात. गव्हाला त्याचा त्रास अधिक, भाताला त्या मानाने कमी.

तेव्हा माणसे वा जनावरे असलेल्या खोलीत हवा शुद्ध करण्यासाठी ओझोन सोडणारे यंत्र लावू नये. मागावर काम करणाऱ्याला खोकला येतो तो सुताच्या धुळीने, आणि ओझोनने धूळ जात नाही. तेथे हवा खेचून बाहेर टाकणारा पंखा, ओल्या फडक्याने झाडलोट व नाकातोंडावर मुसके हीच साधने खरी.

रंग गेला, मीठ राहिले

आता नदीकाठच्या शेताकडे वळू. कापडाच्या रंगातील ज्या जोडणीमुळे तो डोळ्यांना लाल वा निळा दिसतो, ती जोडणी ओझोनचा सैल अणू तोडून टाकतो. काळेनिळे सांडपाणी थोड्या वेळात फिकट होते. पाहणाऱ्याला हा चमत्कार वाटावा असेच ते दृश्य असते. परंतु सुती कापडास रंग पक्का बसावा म्हणून रंगाच्या पाण्यात मीठ किंवा सोडियम सल्फेट फार मोठ्या प्रमाणात घालतात. गडद छटेसाठी लिटरला ४० ते ८० ग्रॅम मीठ लागते, आणि त्यावर धुण्याचा सोडाही पडतो. ओझोन ह्या क्षारांना स्पर्शही करीत नाही. ते होते तितकेच राहतात. फक्त आता दिसत नाहीत. रंग होता तोवर शेतकरी पंप लावण्यापूर्वी विचार तरी करीत असे.

किती क्षार शेतात जातो ह्याचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. एक गुंठ्याला पाच सेंटीमीटर पाणी द्यावयाचे तर सुमारे ५,००० लिटर लागते. पाण्यात लिटरला दीड ग्रॅमहून थोडा कमी, म्हणजे १.४ ग्रॅम क्षार असेल तर एका पाळीत गुंठ्यास ७ किलो क्षार बसतो. उन्हाळी भाजीपाल्याला दहा पाळ्या दिल्या तर तो ७० किलो होतो. रंगाईच्या मूळ पाण्यातील क्षार ह्या १.४ ग्रॅमच्या पातळीवर आणावयासच तीस ते पन्नासपट गोडे पाणी मिसळावे लागेल. फाल्गुन-चैत्रात ते कोठून येणार?

ह्या क्षारांतील सोडियम अधिक घातक होय. त्यामुळे मातीचे कण सुटे होऊन भेगा बुजतात, वर पापडी धरते, पाणी मुरत नाही व बियाणे रुजत नाही. कोकणच्या जोरदार पावसाने पुष्कळसा क्षार धुऊन जातो हे खरे, आणि म्हणूनच तेथील जमिनी अजून तग धरून आहेत. परंतु ज्या खाचरातून निचरा होत नाही, त्यात तो पावसाळ्यानंतरही उरतो.

हे भय काल्पनिक नाही. तमिळनाडूतील तिरुपूर हे होजिअरीचे मोठे केंद्र नोय्यल नदीवर वसले आहे. त्याच्या खाली ओरथुपाळयम येथे १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत शेतीसाठी धरण पूर्ण झाले. थोड्याच काळात त्यात पाटाच्या पाण्याऐवजी रंगाईच्या कारखान्यांचे खारे पाणी साठले. आसपासच्या विहिरी खारावल्या, पिके गेली. शेतीसाठी बांधलेले धरण शेतकऱ्यांनाच नकोसे झाले. ते मद्रास उच्च न्यायालयात गेले. सांडपाण्याचा थेंबही नदीत सोडू नये, असे २००६ मध्ये ठरले आणि ते पाळले गेले नाही म्हणून जानेवारी २०११ मध्ये न्यायालयाने कारखाने बंद करविले. त्यानंतर तेथे पाणी बारीक पडद्यातून दाबाने गाळून पुन्हा वापरण्याची व उरलेले खारे पाणी आटवून मीठ काढण्याची व्यवस्था रुळली. ही रीत खर्चाची आहे, परंतु क्षाराला दुसरा सोपा उपाय नाही. पडद्याच्या यंत्रातून निघालेले अतिखारे पाणी आटविण्याऐवजी नाल्यात सोडले तर सारा खटाटोप व्यर्थ होतो, हेही ध्यानात ठेवावे.

ओझोनला ह्या व्यवस्थेत स्थान आहे. पण ते शेवटच्या पायऱ्यांपैकी एक. सायझिंगच्या पाण्यात खळीचे पिष्ट असते. ते आधी जिवाणूंकडून कुजवून घेतले नाही तर महागडा ओझोन पिष्टावरच खर्ची पडतो. प्रथम गाळ बसविणे व पाण्याची आम्लता-विम्लता जुळविणे, मग जिवाणूंची प्रक्रिया, नंतर उरलेल्या रंगासाठी ओझोन, असा क्रम योग्य होय.

पाणी तपासण्याची रीत

काठच्या शेतकऱ्याने डोळ्यांवर विसंबू नये. गावात प्रात्यक्षिक दाखवावयाचे असेल तर तीन सारख्या स्टीलच्या ताटल्या घ्याव्यात. एकीत गावच्या विहिरीचे, दुसरीत शहराच्या वरच्या अंगाला घेतलेले नदीचे व तिसरीत पंपाजवळचे पाणी सारख्याच मापाने ओतून उन्हात आटू द्यावे. मागे राहिलेला पांढरा थर सभेतील प्रत्येकास दिसतो.

निर्णय मात्र प्रयोगशाळेच्या आकड्यांवरच घ्यावा. पाण्याची विद्युतवाहकता मीटरला ०.७५ डेसीसायमनपर्यंत असेल तर बहुतेक पिकांस ते चालते. ०.७५ ते २.२५ पर्यंत निचऱ्याची जमीन व क्षार सोसणारे पीक पाहूनच द्यावे. २.२५ च्या वर ते टाळावे. वर सांगितलेले १.४ ग्रॅम क्षाराचे पाणी ह्याच सीमेवरचे आहे. सोडियमचे शोषण-गुणोत्तर १० च्या आत असावे. १८ च्या वर गेल्यास जिप्समवाचून तरणोपाय नाही, आणि जिप्सम किती घालावे हे माती तपासूनच ठरवावे. अहवालात हे दोन्ही आकडे मागून घ्यावेत, कारण विद्युतवाहकता एकटी सोडियमविषयी काही सांगत नाही.

खाडीजवळच्या शेतकऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. भरतीचे पाणी नदीच्या खालच्या भागात चढते व ते मुळातच खारे असते. त्या पाण्याचा दोष कारखान्यावर येऊ नये व कारखान्याचा दोष समुद्रावर जाऊ नये, म्हणून नमुना ओहोटीच्या वेळी घ्यावा. एक नमुना शहराच्या वर व दुसरा खाली, दोन्ही एकाच दिवशी, वाहत्या धारेतून घ्यावेत. एक लिटरची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी व घट्ट बूच लावावे. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख व वेळ लिहून ती दोन दिवसांच्या आत माती व पाणी परीक्षण प्रयोगशाळेत पोचवावी. पौष, फाल्गुन व वैशाख अशा तीन वेळा नमुने घेतले तर हंगामभराचे चित्र मिळते. दोन्ही ठिकाणच्या आकड्यांत मोठी तफावत आढळल्यास ग्रामपंचायतीने अहवालाची प्रत जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी कळवावे व पोच घेऊन ती दप्तरी ठेवावी.