नोंदणी व परवान्यावरील कारवाई : अपिलाची वाट

वैद्याचे नाव परिषदेच्या नोंदवहीतून काढले गेले किंवा औषधालयाचा परवाना निलंबित झाला, तर त्याची झळ केवळ त्या एका व्यक्तीस लागत नाही. वलगावसारख्या गावाचे उदाहरण घ्यावे. अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, पेढी नदीकाठचे हे गाव. श्री संत गाडगेबाबांनी 20 डिसेंबर 1956 रोजी येथेच देह ठेवला, म्हणून अवघ्या महाराष्ट्रास ते ठाऊक आहे. अशा गावातील औषधालय महिनाभर बंद राहिले, तर मधुमेहाची, रक्तदाबाची रोजची औषधे घेणारा वृद्ध एस.टी. पकडून अमरावती गाठतो, अथवा औषध घेणेच सोडून देतो. कारवाई न्याय्य असेल तर हेही सोसावे लागेल. परंतु ती सदोष असेल, तर तिच्याविरुद्ध अपील करणे हा आमच्या मते हक्क आहेच, शिवाय रुग्णांप्रति कर्तव्यही आहे.

आमच्या अनुभवास येते ते असे, की बहुतेक व्यवसायबंधू आदेश हाती पडल्यावर जागे होतात. निदानपंचकाच्या भाषेत सांगावयाचे, तर कारणे दाखवा नोटीस हे पूर्वरूप आणि आदेश हे रूप होय. पूर्वरूपातच उपचार सुरू करणारा वैद्य जसा अल्प श्रमात यश मिळवितो, तसेच येथेही आहे. अपिलात जे मांडावयाचे, त्याचा पाया नोटिशीच्या उत्तरातच घालावा लागतो. जो मुद्दा उत्तरात घेतलाच नाही, तो अपिलात प्रथमच उपस्थित केल्यास "हे आधी का सांगितले नाही?" हा प्रश्न अटळ असतो.

उत्तर देताना एक चूक वारंवार घडते. कोणीतरी सल्ला देतो, "लिहून द्या की यापुढे असे होणार नाही, साहेब सोडून देतील." भाबडेपणाने तसे हमीपत्र दिले जाते. पुढे आदेशात वाक्य येते की दोष स्वतः मान्य करण्यात आला आहे. सबब, जे घडले नाही ते मान्य करू नये. आणि जे घडले ते कोणत्या परिस्थितीत घडले, हे कागदपत्रांसह सांगावे.

आता औषधविक्रेत्यांविषयी. केवळ आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीस औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, 1940 खाली विक्री परवाना लागत नाही. मात्र आपल्यापैकी अनेकांच्या दुकानी आधुनिक औषधेही असतात आणि त्यांसाठी परवाना अनिवार्य आहे. त्या परवान्यावरील कारवाई 1945 च्या नियमांतील नियम 66 अन्वये होते. या नियमाचे नीट वाचन प्रत्येक दुकानदाराने एकदा तरी करावे. परवाना निलंबित अथवा रद्द करण्यापूर्वी कारणे दाखविण्याची संधी देणे बंधनकारक आहे, आदेश लेखी व सकारण असावा लागतो आणि आदेशाच्या दिनांकापासून तीन महिन्यांच्या आत राज्य शासनाकडे अपील करता येते. येथे दिनांक आदेशाचा धरला आहे, तो आपल्या हाती पडल्याचा नव्हे, हे ध्यानी ठेवावे. पाकीट उशिरा आले असल्यास त्यावरील टपालाच्या शिक्क्यासह ते जपून ठेवावे.

याच नियमाचा एक भाग फारसा कोणी वाचत नाही. दोष नोकराच्या वा प्रतिनिधीच्या कृतीमुळे घडला असेल आणि त्यास मालकाची चिथावणी वा संमती नव्हती, त्यास त्याची माहिती नव्हती व अटी पाळल्या जाव्यात म्हणून त्याने योग्य ती दक्षता घेतली होती, हे मालकाने सिद्ध केले, तर त्यास संरक्षण मिळू शकते. समजा, नोंदणीकृत फार्मासिस्ट जेवावयास गेला असता काउंटरवरील मुलाने चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक दिले आणि नेमके त्याच वेळी औषध निरीक्षक आले. मालक "मला ठाऊक नव्हते" एवढेच म्हणेल, तर ते पुरेसे नाही. फार्मासिस्टचे हजेरीपत्रक, त्याच्या गैरहजेरीत चिठ्ठीवरील औषधे देऊ नयेत अशी नोकरांना दिलेली लेखी सूचना, शेड्यूल एच-1 ची तीन वर्षांची नोंदवही, बिलांच्या प्रती, नमुना 35 च्या तपासणी पुस्तिकेतील पूर्वीचे समाधानकारक शेरे : दक्षता दिसते ती यांत. हे कागद तपासणीनंतर तयार करता येत नाहीत. तसा प्रयत्न कोणी करू नये, कारण तो उघड झाल्यास मूळ प्रकरणापेक्षा मोठे संकट ओढवते.

आयुर्वेदीय औषधे निर्माण करणाऱ्यांसाठी अशीच तरतूद नियम 159 मध्ये असून तेथेही तीन महिन्यांत राज्य शासनाकडे अपील आहे. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध सिद्ध करणाऱ्या वैद्यास निर्मिती परवान्यातून सूट आहे. परंतु तेच औषध डबीत भरून दुसऱ्या दुकानी विक्रीस ठेवले, की सूट संपली. या सीमारेषेवरून होणारे वाद बरेच आहेत. त्यावर स्वतंत्र लेखच हवा.

अपील दाखल केले म्हणजे आदेश आपोआप थांबला, असा समज वऱ्हाडात सर्वत्र आढळतो. तो घातक आहे. स्थगितीसाठी वेगळी व स्पष्ट विनंती करावी लागते, आणि स्थगितीचा लेखी आदेश हाती येईपर्यंत दुकान बंदच ठेवावे लागते. निलंबनकाळात आधुनिक औषध विकल्यास ती विनापरवाना विक्री ठरू शकते. 2008 च्या दुरुस्तीनंतर त्या अपराधास किमान तीन वर्षे कारावास आणि किमान एक लाख रुपये दंड आहे. दहा दिवसांचे निलंबन टाळण्याच्या घाईत एवढी जोखीम घेणे शहाणपणाचे नव्हे. निलंबनाचा आरंभ पुढील तारखेपासून असेल, तर त्या मधल्या दिवसांतच अंबा एक्सप्रेसने मुंबई गाठून स्थगितीचा अर्ज द्यावा. शासनाच्या वतीने ही अपिले सामान्यतः संबंधित मंत्र्यांपुढे चालतात. कायद्याचा कीस तेथे फार निघत नाही. तारीखवार लिहिलेली दोन-तीन पानांची हकीकत आणि पृष्ठांकित कागद यांचा प्रभाव अधिक पडतो. मूळ आदेश रद्द व्हावा, ते शक्य नसल्यास निलंबनाचे दिवस कमी व्हावेत, अशी पर्यायी मागणीही अवश्य लिहावी.

वैद्यांच्या नोंदणीचा मार्ग निराळा आहे. महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, 1961 खालील परिषदेकडे असते. 1970 च्या केंद्रीय कायद्याच्या काळात राज्य नोंदवहीतून नाव काढले गेल्यास केंद्र शासनाकडे अपील असे. भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग अधिनियम, 2020 आल्यानंतर राज्य परिषदेच्या शिस्तभंगाच्या कारवाईविरुद्ध प्रथम आयोगाच्या आचार व नोंदणी मंडळाकडे जावे लागते, आणि मंडळाचा निर्णय मान्य नसल्यास तो कळविल्यापासून साठ दिवसांत आयोगाकडे दुसरे अपील करता येते. जुन्या पुस्तकांत पाहून आजही केंद्र शासनास अर्ज धाडणारे बंधू आहेत. त्यात बहुमोल दिवस वाया जातात.

वैद्यांविरुद्धच्या तक्रारींत आधुनिक औषधे लिहिल्याचा आरोप नेहमीचा. येथे सर्वोच्च न्यायालयाचा डॉ. मुख्तियारचंद प्रकरणातील 1998 चा निर्णय मूलभूत मानला जातो. आधुनिक औषधे देण्याचा अधिकार त्या त्या राज्याच्या कायद्याने तशी मुभा दिली आहे किंवा नाही यावर अवलंबून आहे, हे त्याचे सार. म्हणून अपिलात अन्य प्रांतातील दाखले देण्याऐवजी महाराष्ट्राची तरतूद व आपली अर्हता हीच पुढे करावी.

सुनावणीच्या हक्कासंबंधी आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निर्णय वैद्यकातील नाही, सनदी लेखापालांचा आहे, आणि तो मुंबईहूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. एल. के. रत्ना प्रकरणात शिस्तपालन समितीने सदस्यास दोषी ठरविले व संस्थेच्या परिषदेने त्याचे म्हणणे न ऐकताच तो अहवाल स्वीकारला. समितीतील मंडळी परिषदेतही निर्णयास बसली होती. 1986 साली न्यायालयाने सांगितले की दोषी ठरविण्यापूर्वी परिषदेनेही ऐकून घेतले पाहिजे, आणि ज्यांनी अहवाल दिला त्यांनीच पुन्हा निर्णयास बसणे योग्य नव्हे. पुढे अपिलात ऐकले जाईल म्हणून मूळ त्रुटी भरून निघत नाही, कारण व्यावसायिकाची एकदा गेलेली पत अपील जिंकूनही पूर्ण परत येत नाही. गावात दवाखाना चालविणाऱ्या कोणासही हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तेव्हा आदेश येताच प्रथम पाहावे : चौकशी कोणी केली, निर्णय कोणी दिला, अहवालाची प्रत आपणांस मिळाली होती काय? न मिळाल्यास प्रमाणित प्रतीचा व माहिती अधिकाराचा अर्ज त्याच दिवशी द्यावा. माहिती मिळण्यास तीस दिवस लागू शकतात आणि अपिलाची मुदत तोवर थांबत नाही. मोहिंदरसिंग गिल प्रकरणात 1977 साली ठरल्याप्रमाणे आदेशाचे समर्थन त्यात लिहिलेल्या कारणांवरच व्हावयास हवे. मागाहून नवी कारणे जोडून ते करता येत नाही. कारणेच नसलेला एक-ओळी आदेश हा म्हणून अपिलाचा उत्तम आधार ठरतो.

आपल्या रुग्णालयांतील परिचारिकांची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते. त्यांच्यावर कारवाई झाल्यास नोटीस, सुनावणी व सकारण आदेश ही तत्त्वे त्यांनाही तशीच लागू आहेत. अशा वेळी रुग्णालयातील ड्यूटी-पत्रक व केसपेपर यांच्या प्रती तिला तत्काळ उपलब्ध करून देणे हे मालक वैद्याचे काम आहे. अनेकदा तिला एकटीला सोडून दिले जाते, हे आम्हांस उचित वाटत नाही.

राहता राहिला उच्च न्यायालयाचा मार्ग. अमरावती, अकोला या जिल्ह्यांसाठी तो नागपूर खंडपीठात आहे. अपिलाची सोय असताना थेट रिट याचिका सहसा ऐकली जात नाही. मात्र नैसर्गिक न्यायाचा भंग किंवा अधिकारक्षेत्राचाच अभाव असेल, तर पर्यायी उपाय आडवा येत नाही, असे व्हर्लपूल प्रकरणात 1998 साली स्पष्ट झाले. नोटीसच पूर्वनिर्णयाने काढलेली दिसत असेल, तर त्या टप्प्यावरही न्यायालयात जाता येते, हे 2006 च्या सीमेन्स विरुद्ध महाराष्ट्र शासन या निर्णयात आहे. तथापि हे अपवाद आहेत. वकिलाने नागपूरचा सल्ला दिला, तरी अपिलाची मुदत कोणत्या दिवशी संपते हे त्यांना विचारून घ्यावे व ती तारीख दवाखान्याच्या दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवावी.