पहिल्या आठवड्याची फजिती

परदेशी राहायला गेलेल्या जवळपास प्रत्येक मराठी माणसाकडे एक तरी किस्सा असतो आणि तो बहुधा पहिल्या आठवड्यातला असतो. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. अशा मंडळांच्या गणेशोत्सवांत, जेवणाच्या पंगतींत हे किस्से रंगतात, पोट धरून हसवतात आणि मंडळी पांगली की विरून जातात. ते जपून ठेवावेत असं मला मनापासून वाटतं. शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. माणूस वेंधळा असतो म्हणून त्याची फजिती होत नाही. घरी शिकलेलं तो चोख पाळतो, म्हणून होते.

जुनी परंपरा

मुंबईच्या वाडिया घराण्यातले जहांगीर नौरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी १८३८ मध्ये जहाजबांधणी शिकायला इंग्लंडला गेले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जनावरं पाहायला गेले, तर त्यांच्या पारशी पोशाखाभोवतीच तोबा गर्दी उसळली. पिंजऱ्यातल्या पशुपक्ष्यांइतकेच आपणही तिथे प्रेक्षणीय ठरलो, अशी नोंद त्यांनी १८४१ मध्ये छापलेल्या प्रवासवृत्तात केली आहे.

पन्नास वर्षांनी, १८८८ मध्ये, मोहनदास गांधी त्याच देशात उतरले. किनाऱ्यावर पाऊल ठेवताना शोभून दिसावं म्हणून त्यांनी पांढरा फ्लॅनेलचा सूट राखून ठेवला होता. उतरल्यावर पाहतात तो पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच. बाकीचे कपडे सामानात, सामानाच्या किल्ल्या एजंटाकडे आणि दुसरा दिवस रविवारचा. हॉटेलातली लिफ्ट त्यांना बसायची खोली वाटली. डॉ. प्राणजीवन मेहता भेटायला आले, तेव्हा त्यांची उंच टोपी कौतुकानं उचलून गांधीजींनी तिच्यावर उलटा हात फिरवला आणि तिची लव विस्कटली. मेहतांनी तिथल्या तिथे शिकवणी घेतली: दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, पहिल्या भेटीत चौकशा करायच्या नाहीत, मोठ्यानं बोलायचं नाही. यातलं बरंचसं आपल्याकडे आपुलकीत मोडतं.

फोडणी आणि न्हाणीघर

आजच्या किश्शांत पहिला मान फोडणीचा. विद्यार्थी वसतिगृहात पहिल्याच संध्याकाळी वरणाला फोडणी देतो आणि छतावरचं यंत्र किंचाळायला लागतं. या यंत्राला आग कळत नाही, हवेतले कण कळतात. तापलेल्या तेलाचे बारीक थेंब आणि मिरचीचा खकाणा त्याला धुरासारखाच. घंटा इमारतभर जोडलेली असेल, तर सगळे रहिवासी रात्रीच्या कपड्यांत थंडीत बाहेर उभे, समोर अग्निशमन दलाची गाडी आणि मधोमध हातात झारा घेतलेला आपला विद्यार्थी. आईनं सांगितल्याप्रमाणे त्यानं तेल चांगलं कडकडीत तापू दिलेलं असतं.

दुसरा मान न्हाणीघराचा. आपल्याकडे न्हाणीघराची सगळी जमीन पाण्यासाठीच असते. अमेरिकेतल्या घरात टबाबाहेर मोरी बहुधा नसते आणि घराचा सांगाडा पुष्कळदा लाकडी असतो. पडदा टबाच्या बाहेर सोडून मनसोक्त आंघोळ केली की खालच्या मजल्यावरचा शेजारी दार ठोठावतो. जपानमध्ये याच्या अगदी उलट. तिथे आधी टबाबाहेर बसून अंग घासूनपुसून धुवायचं आणि मग गरम पाण्यात नुसतं बसायचं, कारण घरातली सगळी माणसं पाळीपाळीनं त्याच पाण्यात बसतात. आपला पाहुणा मात्र आंघोळ उरकल्यावर, मागच्या माणसाला स्वच्छ टब मिळावा म्हणून, बूच काढून सगळं पाणी सोडून देतो. यजमानांची आंघोळ त्याच्या सौजन्यामुळेच बुडते.

बाजार आणि रस्ता

जर्मनीत पाण्याच्या किंवा पेयाच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत द्यावी लागते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की ती परत मिळते. भारतात पाण्याच्या बाटलीवर ‘वापरानंतर चुरगळून टाका’ असं छापलेलं असतं. कुणी पुन्हा भरून विकू नये, हा हेतू. हे इमानेइतबारे पाळणारा माणूस चुरगळलेल्या बाटल्यांची पिशवी घेऊन यंत्रासमोर उभा राहतो. यंत्राला त्यावरची खूण वाचता येत नाही, म्हणून ते एकेक बाटली परत देतं. हाच माणूस शनिवारी रात्री पोहोचलेला असेल, तर रविवारी जवळजवळ सारी वाणसामानाची दुकानं बंद. मोठ्या रेल्वे स्थानकावरचं दुकान बहुधा उघडं असतं, हे कुणीतरी सांगेपर्यंत आईनं दिलेले लाडू-चिवडा हाच आधार.

अमेरिकेत वस्तूवरची किंमत पाहून नेमकी नाणी मोजून ठेवावीत, तर गल्ल्यावर बहुधा विक्रीकराची भर पडते आणि पैसे कमी पडतात. त्यातही दहा सेंटचं नाणं पाच सेंटच्या नाण्यापेक्षा लहान आणि दोन्हींवर किंमत आकड्यात नाही, अक्षरांत. मागे रांग खोळंबते आणि आपला माणूस तळहातावरची नाणी निरखत राहतो. रस्त्यावर आपली नजर सवयीनं आधी उजवीकडे जाते, तिथे गाडी येते डावीकडून. आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक असलेल्या लंडननं मात्र इतर परक्यांसाठी मोठं मन दाखवलं आहे: कुठल्या बाजूला बघायचं, हे अनेक ठिकाणी रस्त्यावरच रंगवून ठेवलं आहे. आपला अंगवळणी पडलेला नियम परक्याला ठाऊक नसेल, हे ध्यानात घेऊन एका शहरानं तो लिहून काढला. फार थोडी शहरं एवढं करतात.

सांगणारं माणूस

या साऱ्या गोष्टींवर आज हसता येतं, कारण वेळेवर सांगणारं कुणीतरी भेटलं. गांधीजींना मेहता भेटले. १८८३ मध्ये अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई जोशींना न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी घरच्या लेकीसारखं ठेवून घेतलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. पुढे त्या डॉक्टर झाल्या, पण आजारी पडल्या त्या उठल्याच नाहीत, १८८७ मध्ये गेल्या. परका देश नेहमीच हसत हसत सुटत नाही, म्हणून तर पहिल्या दिवसांत धीर देणाऱ्या माणसाचं मोल मोठं.

ही जबाबदारी आता आपल्याही दाराशी आली आहे. चाकणच्या कारखान्यात आलेला जर्मन अभियंता पुण्यात कुणाकडे जेवायला जातो. ताट स्वच्छ करायचं ही त्याची शिस्त आणि रिकाम्या ताटात वाढायचं ही आपली. बिचारा संपवत राहतो, आपण वाढत राहतो. ताटावर आडवा हात धरायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मंडळांनी आपल्या सभासदांचे किस्से लिहून घ्यावेत आणि निघणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या हाती ठेवावेत. आणि आपल्या गावात नवखं माणूस चुकताना दिसलं, तर त्या चुकीमागची त्याच्या घरची चांगली सवय आधी शोधावी, मग आपली रीत त्याला समजावून द्यावी.