गोचिडाची लाळ

‘गोचीड त ढोराले लागतेच ना, डाक्टरसाहेब!’ दर्यापूर-मूर्तिजापूरच्या पट्ट्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून फिरताना हे वाक्य मी कोठ्याकोठ्यांत ऐकलं. गावरान गाईच्या बाबतीत ते पुष्कळसं खपूनही जायचं. पण त्याच दावणीला संकरित जर्सी आली, की तीच बेफिकिरी महागात पडते. गोचीड रक्त पितो हे सगळ्यांना दिसतं. खरा घात करते त्याची लाळ, आणि ती कुणालाच दिसत नाही.

गोचीड कीटक नव्हे. तो विंचू-कोळ्यांच्या वर्गातला, आठ पायांचा. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला मात्र सहाच पाय असतात. एकदा पोटभर रक्त पिऊन कात टाकली की आठ होतात. डास, ढेकूण, पिसू, गोमाशी हे सहा पायांचे कीटक, म्हणजे घराणंच वेगळं. रक्त पिण्याची विद्या या घराण्यांनी आपापली, स्वतंत्रपणे कमावली. अडचण मात्र सगळ्यांची एकच होती: रक्तवाहिनीला भोक पडताच प्लेटलेट्स एडीपी या रसायनाच्या इशाऱ्यावर गोळा होतात आणि भोक बुजवतात. त्यावर डास, ढेकूण आणि काही जातींचे गोचीड यांच्या लाळेत अपायरेज नावाचं विकर सापडतं. ते एडीपीच मोडून टाकतं. ढेकणातलं अपायरेज तर डासातल्याहून निराळ्या प्रथिनकुळातलं आहे. उत्तर तेच, पण वाट वेगळी. मला याचं नवल अजून सरलेलं नाही.

डास क्षणभर बसून उडून जातो. आपल्या जनावरांवरचा कठीण कवचाचा गोचीड मात्र कित्येक दिवस मुक्काम ठोकतो. उलट्या काट्यांची सोंड तो कातडीत रुतवतो. बऱ्याच जातींची लाळ भोवती सिमेंटासारखी घट्ट होते. याच लाळेत रक्त पातळ ठेवणारे, दुखणं-खाज दाबणारे, शरीराच्या संरक्षक पेशींना जखमेकडे येऊ न देणारे पदार्थ असतात. म्हणून गाय शेपूट मारून गोमाशी उडवते, पण गोचिडाकडे तिचं लक्षही जात नाही. प्यायलेल्या रक्तातलं बरंचसं पाणी आणि क्षार तो लाळेवाटे परत गाईच्याच अंगात सोडतो आणि सकस भाग ठेवून घेतो. तिळाएवढी मादी भिजल्या हरभऱ्याएवढी होते, गळून पडते, हजारो अंडी घालते आणि मरते.

ही परत सोडलेली लाळच रोगाची वाट आहे. गोचीड रोग पसरवतो हे अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ मध्ये दाखवलं. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला तो त्यानंतर चार वर्षांनी. स्मिथ यांनी अभ्यासला तो बबेसियाचा ताप, ज्यात जनावराची लघवी लाल होते. आपल्याकडच्या संकरित गाईंना त्याहून छळतो थायलेरिया. खांद्यापुढची गाठ सुजते, ताप १०५ अंशांवर जातो, डोळ्यांची आतली कड पांढरी पडते. हायलोमा जातीच्या गोचिडाच्या लाळग्रंथीत हा परजीवी असतो, पण तो लगेच गाईत उतरत नाही. गोचीड चिकटून रक्त पिऊ लागल्यावर साधारण दोन-तीन दिवसांनी तो तयार होतो. ते दोन-तीन दिवस आपल्या हातातले असतात.

माणसांनीही सावध असावं. २०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात आणि विदर्भात इतरत्र स्क्रब टायफसचे रुग्ण निघाले. तो देणारी चिगर म्हणजे गोचिडाच्या नात्यातल्या सूक्ष्म माइटचं पिल्लू. ते रक्त पीत नाही. लाळेने कातडीच्या पेशी विरघळवून तो रस ओढतं. निंदणाहून आल्यावर ताप भरला आणि अंगावर कुठे काळी खपली दिसली, तर ती डॉक्टरांना दाखवाच. वेळेत दिलेल्या डॉक्सिसायक्लिनने हा आजार बरा होतो.

आणि गाईसाठी एवढं करा. रोज धार काढण्याआधी कानाच्या आत, कासेभोवती, शेपटीखाली हात फिरवा. गोचीड सापडला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल ओतू नका, चटका देऊ नका, बोटांनी चिरडू नका. हायलोमा कोठ्याच्या भिंतींच्या भेगांत लपतो. भेगा लिंपून घ्या, शेणाचे ढीग हलवा. औषधाची फवारणी डॉक्टरांना विचारून, सांगितलेल्या मात्रेतच करा.