लॅपटॉप झोपत का नाही?

पेणला लॅपटॉप हायबरनेट करून पिशवीत टाकायचा, कासू, नागोठणे, निडी मागे टाकत रोह्याला उतरायचं आणि पाहावं तर पिशवी तापलेली, बॅटरी संपत आलेली! हे का होतं?

स्लीपमध्ये उघडं काम रॅममध्येच राहतं आणि रॅमला थोडी वीज लागत राहते. हायबरनेटमध्ये तेच काम हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर उतरवलं जातं आणि वीज जवळजवळ पूर्ण बंद होते. पावसाळ्यात वीज गेली, बॅटरी उतरली, तरी काम शाबूत. म्हणूनच ही सोय मोलाची आहे.

बिघाड शोधताना आधी सी ड्राइव्हवर पुरेशी जागा आहे का पाहा, कारण विंडोज तिथेच काम साठवतं. मग कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेला ‘/ए’ जोडलं, की हायबरनेट उपलब्ध आहे का ते कळतं. ‘/लास्टवेक’ जोडलं, तर शेवटचं कोणी जागं केलं ते अनेकदा सापडतं. (आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टाइप करावी.) बहुधा माउस, नेटवर्क कार्ड किंवा वेळ लावलेलं अपडेट दोषी असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाची ‘जागं करण्याची’ परवानगी काढा, पॉवर ऑप्शन्समध्ये वेक टायमर बंद करा. तरीही अडलं, तर हायबरनेट एकदा बंद करून पुन्हा सुरू करा. काम साठवणारी जुनी फाइल जाऊन नवी तयार होते. त्यानंतर चिपसेट आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर अद्ययावत करा.

आणि पिशवीत ठेवण्याआधी दिवे विझल्याची, पंखा थांबल्याची खात्री करा. कोंडलेली उष्णता बॅटरीचं आयुष्य खाते.